वेल्डर ट्रेडनंतरचं पहिलं वर्ष: सांगली जिल्ह्यातल्या एका मुलाचं प्रकरण

आयटीआयमधून वेल्डर ट्रेड पास झालेला मुलगा घरी बसून राहिला, असं माझ्या पाहण्यात फारसं नाही. काम मिळतं आणि पटकन मिळतं. अडचण नंतर सुरू होते. पहिल्या नोकरीत जो एक जोड हातात बसला, तोच जोड पस्तिशीतही मारत राहिलेले वेल्डर प्रत्येक एमआयडीसीत भेटतात. पगार महागाईच्या मागे लंगडत चाललेला, कंत्राटदार बदलले तरी काम तेच. याउलट त्याच तुकडीतला एखादा मुलगा दिवसाला दुपटीने घेतो. दोघांच्या प्रमाणपत्रावर छापलेला मजकूर एकच असतो.

हा फरक कुठे पडतो, ते दाखवण्यासाठी एका मुलाची हकीकत इथे सविस्तर मांडतो आहे. मी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वेल्डर ट्रेडचा निदेशक आहे आणि हा माझा विद्यार्थी. त्याच्या परवानगीने लिहितो आहे. त्याचं नाव, गाव आणि ज्या कंपन्यांशी त्याचा संबंध आला त्यांची नावं देत नाही.

मुलगा, घर आणि गणिताचा पेपर

२०२२च्या मार्चमध्ये तो दहावीला बसला आणि गणितात राहिला. वडिलांची दीड एकर बागायत, त्यात ऊस, सोसायटीचं कर्ज. आई दुसऱ्यांच्या रानात भांगलणीला जाते. धाकटी बहीण तेव्हा आठवीत होती. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनला जायचं तर दहावी पास लागते आणि दोन वर्षं द्यावी लागतात. वेल्डरला आठवी पास चालते आणि कोर्स एका वर्षाचा. म्हणून तो वेल्डरला आला. आमच्याकडे बरीच मुलं याच वाटेने येतात. आवड म्हणून पहिल्या पसंतीला वेल्डर टाकणारा मुलगा विरळाच.

त्याच्याकडे एक गोष्ट मात्र होती. सुट्टीत तो गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना हात लावत असे. ग्राइंडर धरणं, कोन जुळवून टाका मारायला पट्टी पकडणं, अशी कामं. त्यामुळे आर्कची, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या झोताची, त्याला भीती नव्हती. भीती नसण्याचा तोटाही असतो. काळी काच न लावता टाका मारायची सवय दुकानात लागलेली होती आणि ती मोडायला मला बरेच दिवस लागले. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग होते, पाणी वाहतं, सकाळपर्यंत उतरतं, म्हणून मुलांना ते किरकोळ वाटतं. बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपतात. अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलेला असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रवेशाच्या दिवशीच मी त्याच्या वडिलांना सांगितलं की गणिताचा पेपर काढायचाच. ते म्हणाले, "सर, आता ट्रेडला आलाय न्हवं? गणित कशाला हवंय?" मी दोन कारणं दिली. एक, दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची (देशाबाहेर कामाला जाण्याआधीच्या तपासणीची) अट लागते आणि आखाती देशांत जायचं झालं तर प्रत्येक वेळी मंजुरी घ्यावी लागते. दुसरं, उद्या पॉलिटेक्निकला जावंसं वाटलं तर दहावीशिवाय दार उघडत नाही. २०२३च्या पुरवणी परीक्षेत त्याने तो विषय काढला. वर्कशॉपमध्ये बेव्हलचे, म्हणजे प्लेटच्या तिरक्या कापलेल्या कडेचे, कोन मोजून मोजून भूमितीची भीती थोडी कमी झाली होती, असं तो स्वतःच म्हणाला.

एका वर्षात काय होतं, काय होत नाही

वेल्डर ट्रेडचा अभ्यासक्रम कागदावर भरगच्च आहे. गॅस वेल्डिंग, गॅस कटिंग, होल्डरने म्हणजे रॉडने करायचं आर्क वेल्डिंग, सीओटू (वायूच्या आवरणात, मशीनमधून आपोआप येणाऱ्या तारेने), टिग (आर्गन वायूच्या आवरणात, टॉर्चने आणि हाताने तार भरत), स्पॉट, ब्रेझिंग, प्लेट आणि पाइप, कास्ट आयर्नची दुरुस्ती, शिवाय तपासणीच्या पद्धती. वीस जणांच्या तुकडीला हे सगळं एका वर्षात दाखवायचं. दाखवून होतं. हातात बसत नाही.

वेल्डिंग ही तासांवर येणारी विद्या आहे. साठ-तेराच्या (६०१३ क्रमांकाच्या) रॉडने सपाट प्लेटवर सरळ बीड, म्हणजे वेल्डिंगची रेघ, मारणं पंधरा दिवसांत जमतं. तीच प्लेट उभी केली की वितळलेला धातू खाली ओघळायला लागतो, आणि डोक्यावर धरली की अंगावर पडतो. आम्ही याला वन-जी, टू-जी, थ्री-जी, फोर-जी म्हणतो: सपाट, आडवं, उभं, डोक्यावरचं. सत्तर-अठराचा (७०१८) रॉड घेतला की आणखी शिस्त लागते. हा कमी हायड्रोजनचा रॉड. हवेतली ओल शोषली की जोडात हायड्रोजन जातो आणि जाड कामाला नंतर तडा जाण्याची भीती राहते. म्हणून तो ओव्हनमध्ये तापवून, गरम डब्यातून एकेक काढून वापरायचा. उघड्या पुड्यातून रॉड उपसणारा वेल्डर दिसला की त्याने मोठ्या कामावर दिवस काढलेले नाहीत, हे मला लगेच कळतं.

टिगला तर वर्षाच्या शेवटी काही आठवडे मिळतात. मशीन मोजकी, आर्गनचं सिलिंडर महाग, वीस मुलं. प्रत्येकाच्या वाट्याला टॉर्च येते, पण हाताला वळण लागण्याआधी ती पुढच्याकडे द्यावी लागते. मला हे मनापासून टोचतं. पुढे ज्या कामाला खरा पैसा आहे, त्यालाच आमच्याकडे सगळ्यात कमी वेळ आहे.

तेव्हा ऑगस्ट २०२३मध्ये हा मुलगा पास झाला, तेव्हा त्याला काय येत होतं? प्लेटवर सपाट आणि आडवं चांगलं, उभं बऱ्यापैकी, डोक्यावरचं कच्चं. पाइप नावापुरता. निकालात तो तुकडीत वरच्या चार-पाच जणांत होता. म्हणजे चांगल्या मुलाची अवस्था ही.

सोळा हजार की नऊ हजार

निकालानंतर त्याच्यापुढे दोन प्रस्ताव आले.

पहिला चाकणचा. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात कंत्राटदारामार्फत सीओटू वेल्डर, पगार सोळा हजार. दुसरा शेजारच्या तालुक्यातल्या जड फॅब्रिकेशनच्या कंपनीत अप्रेंटिसशिप, महिना नऊ हजार. अप्रेंटिसशिप नियमांत २०१९च्या दुरुस्तीनंतर आयटीआय झालेल्याला तेव्हा किमान सात हजार विद्यावेतन होतं. ही कंपनी त्याहून थोडं जास्त देत होती.

वडील मला भेटायला आले. "सर, तिकडं सोळा देत्यात, हितं नऊ. पोरगं म्हणतंय नऊवर जातो. तुमीच सांगा, ह्यात शानपना हाय का?"

मी कागद घेतला आणि दोघांना समोर बसवून हिशोब मांडला. सोळा हजार हा कागदावरचा आकडा. त्यातून पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर जाऊन हातात चौदा हजारांच्या आसपास येणार. चाकणला कॉटबेसिसवर खोली आणि मेस मिळून सहा हजार. महिन्याकाठी गावी येणं-जाणं सातशे. उरले सात हजार तीनशे. इकडे नऊ हजारांतून एसटीचा पास आणि कॅन्टीन मिळून बाराशे गेले तर उरतात सात हजार आठशे, जेवण-झोपणं घरचं. पीएफचे पैसे त्याचेच राहतात, हे मी धरलं. ओव्हरटाइम केला तर चाकणचा आकडा वर जातो, हेही सांगितलं. तरीही वडील ज्याला दुप्पट समजत होते, त्यातला फरक जवळजवळ पुसला गेला. घरापासून दूर असलेल्या नोकरीचा पगार नेहमी असाच, खोलीभाडं आणि मेस वजा करून बघावा.

पैशांचा प्रश्न मिटल्यावर कामाचा प्रश्न पुढे आला. चाकणच्या त्या लाइनवर फिक्श्चरमध्ये, म्हणजे भाग पक्का धरणाऱ्या साच्यात, ब्रॅकेट बसवायचा, ठरलेल्या चार जागी सीओटूचा टाका मारायचा, ब्रॅकेट काढायचा. करंट आणि व्होल्टेज सेट करून कुलूप घातलेलं, वेल्डरने हात लावायचा नाही. शिफ्टला शेकडो नग. एका महिन्यात मुलगा यात तरबेज होतो आणि त्यापुढे शिकण्यासारखं काही उरत नाही. शिवाय जे काम एकाच जागी, एकाच कोनात, हजारो वेळा होतं, त्याच कामावर रोबोट सगळ्यात आधी येतो. चाकण-तळेगावच्या मोठ्या कारखान्यांत गाडीच्या बॉडीचं स्पॉट वेल्डिंग रोबोट करतात, हे आता नवीन राहिलेलं नाही.

जड फॅब्रिकेशनमध्ये रोज जॉब वेगळा. आज टाकीचं कवच, उद्या कन्व्हेयरचा सांगाडा, परवा नोझल. ड्रॉइंग वाचावं लागतं. जोडाची डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून तडा शोधणं) होते, काहींचा एक्स-रे निघतो, आणि चुकलेला जोड गाउजिंग करून, म्हणजे कोरून काढून, पुन्हा भरावा लागतो. वेल्डर घडतो तो या पुन्हा भरण्यात.

अप्रेंटिसशिपची दुसरी बाजूही मी लपवली नाही. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नसतो, त्यामुळे त्याला पीएफ-ईएसआय नाही. कामावर इजा झाली तर भरपाई देणं मालकावर बंधनकारक आहे. वर्षानंतर कंपनीने नोकरीत घेतलंच पाहिजे असं नाही, आणि बहुतेक कंपन्या घेत नाहीत. काही ठिकाणी अप्रेंटिसला वर्षभर नुसतं साफसफाईला आणि सामान वाहायला लावतात. म्हणून मी त्या कंपनीत आधी गेलेल्या दोन मुलांशी त्याचं बोलणं करून दिलं. त्यांनी सांगितलं की तिसऱ्या महिन्यापासून होल्डर हातात देतात. तेव्हा त्याने सही केली.

ज्या घरात महिन्याला दोन हजारांचाही खड्डा सोसत नाही, तिथे हा निर्णय इतका सोपा नसतो. कंपनी गावापासून एसटीच्या अंतरावर होती म्हणून जमलं. तीच अप्रेंटिसशिप पुण्याला असती, तर नऊ हजारांत खोली आणि मेस भागवून घरी पाठवायला काहीच उरलं नसतं आणि मुलगा चाकणलाच गेला असता. हुशार मुलं पहिल्या वर्षी चुकीच्या कामाला जातात ती अक्कल कमी म्हणून नव्हे, तर शिकण्याच्या वर्षाचं विद्यावेतन परगावी जगण्यापुरतंही नाही म्हणून. हे बदलायला हवं आणि ते मुलांच्या हातात नाही.

सहा वाजताची जागा

अप्रेंटिसशिपच्या वर्षात त्याचं प्लेटवरचं उभं आणि डोक्यावरचं काम पक्कं झालं. सत्तर-अठरा हातात बसला. पण त्याची खरी शिकवणी झाली सुट्टीनंतर. त्या शॉपमध्ये साठीला आलेले एक मिस्त्री होते, पाइपवर टिग करणारे. दुपारची पाळी संपली की हा त्यांच्यामागे थांबायचा. फोरमनची परवानगी घेऊन भंगारातले पाइपचे तुकडे, वापरून लहान झालेली फिलर वायर (जोडात वितळवून भरायची तार) आणि सिलिंडरच्या तळाशी उरलेला आर्गन यांवर त्यांनी त्याला शिकवलं.

सिक्स-जी म्हणजे पाइप ४५ अंशांत तिरका बांधलेला. फिरवायचा नाही, हलवायचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं. एकाच जोडात खालची बाजू डोक्यावरच्या कामासारखी, कडेची उभ्यासारखी, वरची सपाटासारखी, आणि सगळं तिरकं. ही परीक्षा पास झाली की त्या पद्धतीत बाकीच्या स्थितींतले साधे जोड करायची पात्रता तिच्यातच येते, म्हणून बाजारात तिला भाव आहे.

त्याचा पहिला नमुना मी पाहिला, तो मला दाखवायला घेऊन आला होता. वरून कॅपिंग, म्हणजे शेवटचा वरचा थर, सुंदर होतं, एकसारख्या लाटा. मी म्हटलं, "काप." उभा चिरल्यावर आतली बाजू दिसली. घड्याळात सहा वाजतात त्या जागी, म्हणजे पाइपच्या पोटाशी, रूट (जोडाचा तळाचा पहिला थर) आत भरण्याऐवजी बाहेर ओढला गेला होता. आतून बोट फिरवलं की खळगी लागत होती. वितळलेलं लोखंड खाली ओघळतं, आणि आतून बरोबर भरायचं तर फिलर वायर नेमक्या क्षणी फटीच्या आत ढकलावी लागते. अडीच-तीन मिलिमीटरची फट, तिच्या टोकाला आर्कने पाडलेलं छोटं भोक, त्या भोकावर नजर. भोक मोठं झालं तर धातू गळतो, बुजलं तर रूट अर्धवट राहतो. फट सुरुवातीला नीट ठेवली तरी टाके मारताना ती आवळत जाते, हेही त्याला इथेच कळलं. पुढचे नमुने तो कॅपिंगपर्यंत नेईचना, फक्त रूट मारून कापायचा आणि बघायचा. असा विद्यार्थी मला फार थोड्या वेळा मिळाला आहे.

ऑक्टोबर २०२४ला अप्रेंटिसशिप संपली. परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळालं. कंपनीने नोकरीत घेतलं नाही.

कारखान्याचा हंगाम आणि बॉयलर

सांगली-कोल्हापूरकडच्या वेल्डरला साखर कारखाना हा मोठा आधार आहे, आणि चाकणच्या ओढीत मुलं तो विसरतात. १५ नोव्हेंबर २०२४ला गाळप सुरू झालं तेव्हा तो एका दुरुस्ती कंत्राटदाराकडे सातशे रुपये रोजावर लागला. पहिलं काम मिळालं रोलर आर्किंगचं.

ऊस पिळणाऱ्या रोलरचे दाते घासून गुळगुळीत झाले की ऊस घसरतो, मिल नीट ओढत नाही. मिल थांबवणं परवडत नाही. म्हणून रोलर फिरत असतानाच वेल्डर शेजारी बसून दात्यांवर कडक रॉडचे ठिपके टाकत जातो, पृष्ठभाग खरबरीत करतो. वरून रस उडतो, भुसा उडतो, पायाखाली ओलं, हातात विजेचा होल्डर. रबरी बूट, कोरडे हातमोजे, बसायला कोरडी फळी आणि अर्थिंग तपासल्याशिवाय बसायचं नाही, असं मी त्याला फोनवर बजावलं होतं. या कामात सौंदर्य काही नाही. पण तिथे बसल्याने तो बॉयलर विभागातल्या माणसांच्या नजरेत आला.

तो हंगाम लवकर आटोपला आणि ऑफ-सीझनची दुरुस्ती सुरू झाली. बगॅसच्या, म्हणजे जाळलेल्या उसाच्या चिपाडाच्या, राखेने बॉयलरच्या ट्यूब बाहेरून झिजतात. दरवर्षी काही बदलाव्या लागतात. बॉयलरच्या दाबाखालच्या भागाला कुणीही वेल्डरने हात लावून चालत नाही. इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, १९५०नुसार परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेलाच वेल्डर लागतो, दुरुस्ती करणारी संस्थाही मान्यताप्राप्त लागते. राज्याचं बाष्पके संचालनालय यावर देखरेख ठेवतं. अशा वेल्डरला आमच्याकडे सगळे आयबीआर वेल्डर म्हणतात.

कंत्राटदाराने त्याला परीक्षेला बसवलं. २०२५च्या उन्हाळ्यात तो पास झाला, रूट टिगने आणि वरचं सत्तर-अठराने. त्या दिवसापासून रोज अकराशे झाला. ट्यूबच्या दाटीत शिरून, मागची बाजू दिसत नाही म्हणून आरसा लावून उलट्या प्रतिमेत वेल्डिंग करायचं, असं ते काम. हायड्रो टेस्टला पाणी भरून दाब चढवल्यावर त्याच्या जोडातून थेंब आला नाही, हे त्याने मला मेसेज करून कळवलं. मी तो मेसेज नव्या तुकडीला वाचून दाखवला.

ही परीक्षा एकदाच देऊन जन्माचं काम होत नाही. आयबीआरचं प्रमाणपत्र दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. प्रेशर व्हेसल आणि पाइपलाइनच्या कामात ज्या अमेरिकन संहितेने, म्हणजे एएसएमईच्या नवव्या विभागाने पात्रता ठरते, तिथे एखाद्या पद्धतीचं काम सहा महिने केलंच नाही तर ती पात्रता संपते. म्हणजे टिग शिकलेला मुलगा वर्षभर ग्रील आणि शटर करत राहिला, तर त्याचा कागद आपोआप निरुपयोगी होतो. वेल्डरने आपण कधी, कुठे, कोणतं काम केलं याची वही ठेवावी, असं मी सांगतो. या मुलाने ठेवली आहे.

आखाताचा प्रस्ताव

आयबीआर झाल्याचं कळताच एका ओळखीच्यामार्फत एजंट आला. आखातात रिफायनरीच्या शटडाउनवर (दुरुस्तीसाठी ती बंद ठेवतात तेव्हा) पाइप वेल्डर, तीन महिने, पगार आकर्षक, खर्च एक लाख दहा हजार. निम्मे आधी रोख.

नियमाप्रमाणे नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. मुलाने माझ्यासमोर मोबाइलवर शोधलं. त्या माणसाने दिलेल्या नावाचा एजंट यादीत नव्हता. तो विषय तिथेच संपला. बाहेर जायचंच नाही, असं नाही. मुंबईत नोंदणीकृत एजंटांकडे ट्रेड टेस्ट होतात, समोर पाइप लावून देतात आणि जोडाचा एक्स-रे काढतात. ज्याचा हात तयार आहे त्याने तिथे जावं. करारात पगार कोणत्या चलनात, मूळ किती, ओव्हरटाइमचा दर काय, राहणं-जेवण कुणाचं, हे वाचूनच सही करावी.

अमेरिकेत वेल्डिंग शिकवण्याचं काम कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे स्थानिक सरकारी महाविद्यालयं, करतात, आणि त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट या प्रकरणाला थेट लागू आहे. तिथे काही महिन्यांच्या सर्टिफिकेटपासून दोन वर्षांच्या असोशिएट पदवीपर्यंत टप्पे असतात, आणि खालच्या टप्प्यावर मिळवलेले क्रेडिट साधारणपणे वरच्या टप्प्यात धरले जातात. काम करत संध्याकाळी येऊन पुढचं शिकता येतं. नोकरीला मात्र तिथेही शेवटी जोड करूनच दाखवावा लागतो.  आपल्याकडे दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो. वेल्डर ट्रेड एका वर्षाचा, म्हणून या मुलाला ती सवलत नाही. सिक्स-जी करणाऱ्या, बॉयलरवर जोड टिकवणाऱ्या मुलाला डिप्लोमा करायचा तर पहिल्या वर्षापासून सुरुवात. हे मला अन्यायाचं वाटतं. कामावर मिळवलेल्या कौशल्याला पुढच्या वर्गात काही मोल असायला हवं.

शरीराचा हिशोब

मुलांशी पगाराबद्दल बोलताना हेही बोलावं लागतं. वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करू शकतो, असं वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७मध्ये केलं. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम आणि निकेल असतं, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो. कारखान्यांत धुरावर गूळ खायला देतात, काही ठिकाणी दूध. गूळ जरूर खावा, पण त्याने फुप्फुसात गेलेला धूर बाहेर येत नाही. धूर ओढून घेणारा पंखा, नाकावर योग्य मास्क आणि धुराच्या झोतात तोंड न घालता बाजूने बसणं, एवढंच कामाला येतं. बॉयलरच्या आत हवा खेळती ठेवायला ब्लोअर लावल्याशिवाय शिरू नकोस, हे मी त्याला दर फोनला सांगतो. पाठ आणि गुडघे चाळिशीत बोलायला लागतात, तेव्हा इन्स्पेक्शन किंवा सुपरव्हिजनकडे वळायची तयारी तिशीतच करावी लागते.

आत्ता

त्याच्यासमोर सध्या दोन वाटा आहेत. वडिलांना वाटतं, आता गावात चौकात दुकान टाकावं. ट्रॉल्या, ग्रील, शेड. डोळ्यासमोर राहील. दुकान चालेलही, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून कर्ज आणि अनुदानही मिळू शकतं. पण दुकानात आयबीआरचा हात वापरला जाणार नाही आणि २०२७ला नूतनीकरण येईल तेव्हा तो गंजलेला असेल.

त्याला स्वतःला डिस्टिलरीच्या कामाला जायचं आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याच्या धोरणामुळे गेल्या काही वर्षांत साखर कारखान्यांनी डिस्टिलऱ्या उभारल्या, वाढवल्या. तिथे स्टेनलेसच्या पाइपलाइनी असतात आणि त्याला आतून आर्गन भरून टिग करावं लागतं, नाहीतर रूटची आतली बाजू साखरेच्या दाण्यांसारखी फुटून काळी पडते. हे तंत्र त्याला अजून यायचं आहे. कंत्राटदार म्हणतो, रोज पहिले दोन महिने आठशेच देईन, शिकल्यावर वाढवीन.

म्हणजे पुन्हा तोच हिशोब, अकराशे की आठशे. या वेळी वडील माझ्याकडे आले नाहीत. मुलानेच घरी कागदावर मांडून दाखवलं, आणि दुकानाचा विषय नूतनीकरणापर्यंत पुढे ढकलायचं घरात ठरलं. बहीण या वर्षी अकरावीला आहे, तिची फी त्याच्या पैशांतून गेली. जानेवारीपासून तो डिस्टिलरीच्या साइटवर जाणार आहे.